स्वखुशीने

लॉंड्रीत त्या दोघींना नावानं कुणी हाक मारत नसे. एक थोरली, दुसरी धाकटी. सख्ख्या जावा, एकाच घरात नांदणाऱ्या, आणि गेली नऊ वर्षं एकाच रोलरवर शेजारीशेजारी उभ्या राहून चादरी सोडणाऱ्या. हॉस्पिटलांच्या, हॉटेलांच्या चादरी धुऊन यायच्या त्या ओल्या, जड, पीळ पडलेल्या असत. एकीनं डावं टोक धरायचं, दुसरीनं उजवं, एकदाच झटकायचं आणि तापलेल्या रोलरच्या तोंडाशी सरळ लावायचं. रोलर चादर ओढून घ्यायचा आणि पलीकडून ती कोरडी, कडक होऊन बाहेर पडायची. मिनिटाला चार. हात इतके बसलेले की एकमेकींकडे बघायचीसुद्धा गरज नसे.

धाकटी तोंडानं फटकळ. सुपरवायझर असो की दुकानदार, तिच्या मनात आलं की ते ओठावर आलंच. थोरली त्याच्या अगदी उलट. चार माणसांत बोलायची वेळ आली की ती धाकटीच्या मागे सरकून उभी राहायची. "माझ्या वाटचं बोलणं हीच बोलून टाकते. तेवढाच माझ्या जिभेला आराम," असं ती हसून म्हणायची, आणि त्यात तिला कमीपणा वाटत नसे. धाकटीचा नवरा ट्रक घेऊन महिन्यातले वीस दिवस बाहेर. त्यांची सहा वर्षांची छोटी थोरलीला मोठी आई म्हणायची आणि जेवायला, झोपायला थोरलीच्याच खोलीत असायची. थोरलीला मूल नव्हतं. तिचा नवरा त्याच लॉंड्रीत बॉयलरवर होता.

रोलरच्या तोंडाशी एक आडवी दांडी असते. हात चुकून पुढे गेला तर आधी दांडीला लागतो आणि मशीन जागच्या जागी थांबतं. पण चादरीची चुणी दांडीला लागली तरी मशीन थांबायचं, मग पुन्हा चालू करायला दोन मिनिटं जायची. सुपरवायझरनं वैतागून तिन्ही रोलरच्या दांड्या तारेनं करकचून बांधून टाकल्या होत्या. सगळ्यांना ते माहीत होतं. सगळ्यांच्या ते अंगवळणीही पडलं होतं.

तिसऱ्या रोलरवर एक बाई होती, काम करताना सारखं काहीतरी गुणगुणायची, म्हणून तिला गाणारी म्हणत. एका सकाळी चादरीबरोबर तिचा उजवा हात मनगटापर्यंत आत गेला. थोरलीचा नवरा बॉयलरवरून धावत आला, त्यानं वाफ तोडली, मुख्य बटण दाबलं, आणि मग चार माणसांनी रोलर वर उचलला. त्या सगळ्या वेळात गाणारी ओरडली नाही. नंतर ओरडली.

दुपारी मॅनेजरच्या खोलीतून एक कागद आला. 'कामगाराच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे अपघात.' हजर होत्या त्या सगळ्यांनी खाली सह्या करायच्या होत्या. केल्या. धाकटीनंही केली. घरी जाताना मात्र ती रस्त्यात मधेच थांबली आणि म्हणाली, "जाऊबाई, आज आपण काय केलं ते कळतंय का तुम्हाला?"

तिथून सगळं सुरू झालं.

शहरात एक जुनी युनियन होती. तिचं काम बघणारे गृहस्थ पूर्वी शाळेत शिकवायचे, म्हणून त्यांना मास्तर म्हणत. धाकटी सुट्टीच्या दिवशी त्यांच्याकडे गेली आणि सभासदत्वाचे फॉर्म घेऊन आली. लॉंड्रीत माणसं अठ्ठ्याहत्तर. मास्तरांचं म्हणणं असं, की निम्म्याहून जास्त म्हणजे चाळीस माणसं सभासद झाली, तर सरकारी लेबर ऑफिसर येऊन मोजणी करणार, आणि मग मालकाला युनियनशी बोलावंच लागणार. सगळ्यात पहिली मागणी दांड्यांच्या तारा काढण्याची.

धाकटी हात धुऊन मागे लागली. डब्याच्या वेळी, पाण्याच्या नळाशी, कपडे बदलायच्या खोलीत. सह्या वाढत गेल्या तशी तिची जीभ आणखी धारदार झाली. घड्या घालणारी एक बारकी बाई होती. ती म्हणाली, मला या भानगडीत पडायचं नाही, माझं घर माझ्या एकटीवर चालतं. दुसऱ्या दिवसापासून तिच्या बाकावर कुणी बसेना. तिनं कुणाला वेळ विचारली तरी उत्तर मिळेना. एकदा तिचा डबा कुणीतरी उचलून मोरीत ठेवला. बारकी काही बोलली नाही, डबा धुतला आणि उपाशीच कामाला लागली.

थोरलीनं ते पाहिलं. घरी तिनं भीत भीत विषय काढला. "त्या बारकीचं असं करायला नको होतं गं."

"मी नाही ठेवला डबा."

"पण तू हसलीस."

धाकटी जरा वरमली. मग म्हणाली, "जाऊबाई, गाणारीला आता डाव्या हातानं जेवावं लागतं. आणि हिला लांबून मजा बघायची आहे? फायदा झाला तर हिलाही होणारच ना? मग थोडी झळ सोसू दे." आणि मग फॉर्म पुढे सरकवून, "तुमची सही अजून नाही यावर. लोक मला विचारतात, घरचीच नाही तर आम्ही का करायची."

थोरलीनं सही केली. मनापासून किती, जावेच्या भिडेखातर किती आणि बारकीसारखी गत होईल या धास्तीनं किती, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. पण केल्यावर तिला बरं वाटलं हे खरं. महिन्याभरात शेहेचाळीस सह्या झाल्या. मोजणीची तारीख ठरली.

मग मॅनेजरनं एकेकाला बोलवायला सुरुवात केली.

मॅनेजर तरुण होता, आवाज चढवणारा नव्हता. थोरलीला त्यानं खुर्ची दिली. नऊ वर्षांत त्या खोलीत ती पहिल्यांदाच बसली. तो म्हणाला, "तुमच्यासारखी शांत माणसं आहेत म्हणून कारखाना चालतोय. तुम्हाला यात कुणी ओढलं ते मला ठाऊक आहे. बाहेर पडायचं असेल तर हे पत्र तयार आहे. फक्त सही." ती मान खाली घालून बसली आणि तशीच उठून आली.

दुसऱ्यांदा बोलावलं तेव्हा त्यानं चहा मागवला आणि सहज म्हटल्यासारखं म्हणाला, की मळक्या बाजूला माणसं कमी पडतायत. मळकी बाजू म्हणजे हॉस्पिटलच्या न धुतलेल्या चादरी वेगळ्या करायची खोली. तिथे काय काय हाताला लागतं ते सगळ्यांना माहीत होतं. थोरलीनं चहाला हात लावला नाही आणि सही न करताच उठून आली. घरी येऊन तिनं दोन्ही वेळचं सगळं धाकटीला सांगितलं. धाकटीनं तिच्या गळ्यात हात टाकले. "शाब्बास! मला वाटलं नव्हतं तुम्ही अशा टिकाल."

तिसऱ्यांदा त्यानं चहा मागवला नाही.

"तुमच्या मिस्टरांना धाप लागते ना हल्ली?" त्यानं विचारलं.

थोरलीनं मान वर केली.

"बॉयलरच्या माणसाची दरवर्षी डॉक्टरी तपासणी व्हावी लागते. गेली दोन वर्षं मी तो कागद तसाच पुढे पाठवतोय, न तपासता. माणुसकी म्हणून. त्यांच्या निवृत्तीला चार वर्षं राहिली आहेत. पुढच्या आठवड्यात तपासणीला पाठवलं, तर काय निघेल ते तुम्ही मला सांगा." तो थोडा थांबला. "मी पाठवणार आहे असं म्हणत नाही मी."

पत्र टेबलावरच होतं. 'मी स्वखुशीने व कोणत्याही दबावाशिवाय संघटनेचे सभासदत्व सोडत आहे.'

त्या दिवशीही तिनं सही केली नाही. घरी गेली. नवरा खाटेवर उशीला टेकून बसला होता. आडवं झालं की त्याला श्वास पुरत नसे. तिनं दार लावून घेतलं आणि हलक्या आवाजात सगळं सांगितलं. तो ऐकत होता, पण चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. मॅनेजरनं त्यालाही आधीच गाठलं होतं, हे तिला तेवढ्यावरून कळलं.

"अहो, काय करू मी?"

"तुला योग्य वाटेल ते कर," असं म्हणून त्यानं भिंतीकडे तोंड केलं.

त्यानं 'कर सही' म्हटलं असतं तर ती त्याच्यावर चिडली असती. 'मुळीच करू नकोस' म्हटलं असतं तर बळ आलं असतं. त्यानं दोन्ही म्हटलं नाही. पलीकडच्या खोलीत धाकटी छोटीला पाढे म्हणून दाखवायला लावत होती. थोरलीनं उठून ते दार ढकलायचं आणि सांगून टाकायचं, इतकंच अंतर होतं. ती उठलीही. दाराशी गेली, तर आतून धाकटीचा आवाज आला, "मोठ्या आईसारखं शहाणं व्हायचं, कळलं? कुणाला भ्यायचं नाही." थोरली परत फिरली.

सकाळी तिनं सही केली. मॅनेजर म्हणाला, "मोजणीपर्यंत हे कुणाला कळायची गरज नाही. तुमच्याच सोयीसाठी म्हणतो." कागद ड्रॉवरमध्ये गेला.

मोजणीला बारा दिवस होते. बारा दिवस ती धाकटीच्या शेजारी उभी राहून चादरी सोडत राहिली. धाकटीला रोज उत्साहाचं भरतं आलेलं. "सहाजणांनी माघार घेतल्याचं कानावर आलंय," ती रोलरच्या आवाजावर आवाज चढवून सांगायची. "घेऊ देत. उरलो चाळीस. चाळीस म्हणजे चाळीस! आता एकही इकडचा तिकडे होता कामा नये, बस्स." थोरली चादर झटकायची. एकदा तिचं टोक सुटलं, चादर वाकडी आत गेली आणि गोळा होऊन बाहेर आली. "लक्ष कुठे आहे तुमचं?" धाकटी हसली. "घाबरू नका हो. मी आहे ना."

रोज संध्याकाळी थोरली ठरवायची, आज सांगायचं. रोज काहीतरी निमित्त मिळायचं. छोटीला ताप आला, दीर दोन दिवसांसाठी घरी आला, मास्तर बसायला आले. मास्तर तिच्याकडे बघून म्हणाले, "तुम्हा दोघींचं उदाहरण मी दुसऱ्या कारखान्यांत देतो." तिनं त्यांच्यापुढे चहा ठेवला.

मोजणी जेवणाच्या खोलीत झाली. बाकं भिंतीला लावलेली, मधे एक टेबल. लेबर ऑफिसर एक प्रौढ बाई होत्या, चेहऱ्यानं थकलेल्या, पण काम चोख. एका बाजूला मॅनेजर, दुसऱ्या बाजूला मास्तर. बाईंनी सभासदांची यादी वाचली. शेहेचाळीस. मग मॅनेजरनं दिलेला लखोटा उघडला आणि सभासदत्व सोडल्याची पत्रं एकेक करून वाचायला घेतली. पहिली सहा सगळ्यांना ठाऊक होती. प्रत्येकाला कुजबुजत शिव्या मिळाल्या. बाईंनी सातवं पत्र उचललं.

थोरलीचं नाव आणि आडनाव तिथे कित्येकांना पहिल्यांदाच कळलं. क्षणभर कुणाच्या लक्षातही आलं नाही की ही कोण. धाकटीच्या आलं. आणि ती चक्क हसली.

"बाई, ही सही खोटी आहे," ती उभी राहून म्हणाली. "बनवलेली आहे. एक माणूस कमी पडत होतं ना, म्हणून यांनी स्वतःच केली. माझी सख्खी जाऊ आहे ती. रोज एका ताटात जेवतो आम्ही."

खोलीत एकच गलका झाला. मॅनेजर शांत बसून राहिला. ऑफिसर बाईंनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि थोरलीला पुढे बोलावलं.

"नीट बघा. सही तुमची नाही असं तुम्ही म्हणालात, तर मी हे पत्र बाजूला काढेन आणि चौकशी लावेन. मोजणीत ते धरलं जाणार नाही. कळलं?"

थोरलीला कळलं. एक शब्द बोलायचा होता. धाकटी तिच्याकडे बघत होती, मान किंचित हलवत, छोटीला पाढा आठवत नसला की करायची तशी. दाराच्या चौकटीला टेकून थोरलीचा नवरा, बॉयलरवाला, उभा होता. एवढे चार जिने चढून आला होता, तोंड उघडं ठेवून श्वास घेत होता, आणि जमिनीकडे बघत होता.

"सही माझी आहे," थोरली म्हणाली.

"कुणी दबाव आणला?"

"नाही."

"मोठ्यानं सांगा, लिहून घ्यायचं आहे."

"स्वखुशीनं केली."

एकोणचाळीस. बाईंनी आकडा लिहिला, खाली रेघ ओढली, मास्तरांची आणि मॅनेजरची सही घेतली. कुणीतरी थोरलीच्या पायाशी थुंकलं. जन्मात पहिल्यांदा धाकटीची वाचा बसली होती. थोरली बसायला जागा शोधू लागली, तर भिंतीकडेच्या बाकावर बारकी सरकून बसली आणि तिनं शेजारची जागा हातानं पुसून दाखवली. थोरली तिथे बसली नाही. उभीच राहिली, खोली रिकामी होईपर्यंत.

पुढचं सगळं भराभर झालं. गाणारीच्या भरपाईसाठी झगडणारं कुणी राहिलं नाही. पुढे होऊन काम करणाऱ्या पाचजणांना महिन्याभरात काही ना काही कारण काढून घरी बसवलं. धाकटीला मळक्या बाजूला टाकलं. तिनं तिथे जाड हातमोजे मागितले, तीनदा मागितले, तिसऱ्यांदा आवाज चढवून मागितले; 'वरिष्ठांशी उद्धट वर्तन' म्हणून तिचंही नाव काढून टाकलं. त्याच सुमारास मॅनेजरची दुसरीकडे बदली झाली. नवा मॅनेजर आला, त्यानं सगळ्या फायली उघडल्या आणि पहिल्याच आठवड्यात बॉयलरवाल्याला तपासणीला पाठवलं.

थोरली नव्या मॅनेजरपुढे जाऊन उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा आपण होऊन त्या खोलीत गेली. "आधीच्या साहेबांनी शब्द दिला होता," ती म्हणाली.

"कसला शब्द? लेखी आहे काही?" त्यानं विचारलं. उद्धटपणे नाही, त्याला खरंच माहीत नव्हतं.

बॉयलरवाला चार वर्षं आधीच घरी बसला.

घरात धाकटीनं अबोला धरला. भांडण झालं असतं तर बरं, असं थोरलीला वाटायचं. दोन चुली झाल्या. मधलं दार पलीकडून कडी लावून बंद झालं. छोटी पहिले काही दिवस दारावर थापा मारून "मोठी आई" म्हणून हाका मारायची; मग तिला कुणीतरी काहीतरी सांगितलं असावं, हाका थांबल्या. अंगणात समोर आली तर ती थोरलीकडे परक्या माणसाकडे बघावं तशी बघायची आणि आईच्या मागे लपायची.

तीन महिन्यांनी दिराला लांबच्या शहरात कायमचं काम मिळालं. सामान टेम्पोत चढलं. धाकटी शेवटची पिशवी न्यायला आत आली, आणि थोरली दारातच उभी होती. बाजूनं निघून जाता आलं असतं. धाकटी थांबली.

"एकच विचारते," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, त्यामुळे थोरलीला उभं राहणं अवघड झालं. "दादांच्या तब्येतीचं मला माहीत नव्हतं का? तुम्ही मला आधी सांगितलं असतंत तर मी तुम्हाला सोडवलं असतं. स्वतः म्हटलं असतं, करा सही. बारा दिवस होते आपल्याकडे. एक माणूस हवं होतं, जाऊबाई. एक! बारा दिवसांत मी कुणाच्याही पाया पडून एक सही आणली असती. त्या बारकीच्यासुद्धा."

थोरली दारातून बाजूला सरकली.

"का नाही सांगितलंत?"

"भीती वाटली."

"कुणाची? मॅनेजरची?"

"तुझी," थोरली म्हणाली.

धाकटीचा चेहरा असा पडला की थोरलीला वाटलं, हे खरं सांगायलाच नको होतं. बाहेरून दिरानं हाक मारली. धाकटीनं पिशवी उचलली, वाकून नमस्कार वगैरे काही केला नाही, नुसती थोरलीच्या दंडाला हात लावून बाहेर पडली. टेम्पोचा आवाज वळणापलीकडे गेला तरी थोरली तिथेच होती.

आत नवरा उशीला टेकून बसला होता. "गेले?"

"गेले."

"काही म्हणाली?"

"नाही," थोरली म्हणाली, आणि त्याला औषधासाठी पाणी आणायला गेली.

दुसऱ्या दिवशी तिला कामावर जायचंच होतं. आता घरात कमावणारी ती एकटी. धाकटीच्या जागी एक नवी बाई दिली होती. तिचा हात अजून बसला नव्हता, टोक कधी वर धरायची, कधी खाली. चादरी वाकड्या जात होत्या. थोरलीनं तिला एकदाही टोकलं नाही. शिकवायचं तर बोलावं लागलं असतं.